परतीची तार

घरी बनविलेले यंत्र पूर्ण झाले असे कधीच म्हणता येत नाही. बाजारातून आणलेली वस्तू बिघडेपर्यंत तशीच राहते. घरची वस्तू मात्र घरातल्या माणसांच्या लहरींबरोबर पालटत जाते. जयगडच्या आमच्या घरातील ध्वनिवर्धक त्यातलाच. अण्णांनी तो तरुणपणी मोडक्या रेडिओंच्या सामानातून जुळविला. त्याचा शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४ जातीचा, ट्रायोडच्या पद्धतीने जोडलेला. बोटाएवढी काचेची नळी; पण तिच्या पोटात तांबूस धग दिसू लागली म्हणजे कोणी निरांजन लावल्यासारखे वाटते. खाडीची खारी हवा दर पावसाळ्यात तिच्या पायांना काट चढविते, आणि आश्विनात ते पाय घासून काढणे हा आमच्याकडे दसऱ्याच्या शस्त्रपूजनाचाच भाग होऊन बसला आहे.

यंदा मी त्यात एक परतीची तार घालावयाचे ठरविले. कर्ण्याकडे निघालेल्या आवाजाचा अल्पसा अंश उलटा करून आरंभीच्या व्हॉल्व्हपाशी आणावयाचा. म्हणजे यंत्राने पदरचे जे मिसळले असेल, ते बरेचसे तेथेच वजा होते. आवाज घटतो, पण निवळतो. टोकांची अदलाबदल झाली तर मात्र वजाबाकीची बेरीज होऊन यंत्र शिट्टी घालू लागते! ही युक्ती हॅरल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी न्यूयॉर्कला कामावर जाताना हडसन नदीवरील बोटीत सुचली, व ती त्यांनी हातातल्या वर्तमानपत्रावरच टिपली. पेटंट मिळावयास १९३७ उजाडले. तवसाळच्या फेरीबोटीत बसलो की मला त्यांची हटकून आठवण होते. आमच्या बोटीत मोटारी आणि आंब्याच्या पेट्यांच्या गर्दीत असे काही सुचावयास जागा मिळणे कठीण, ही गोष्ट निराळी.

तार जोडून हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली. विजेची गुणगुण मावळली. पेटीचा स्वर गळ्यापासून सुटा झाला. मी विजयी मुद्रेने अण्णांकडे पाहिले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. बारीक, उंच आवाज त्यांच्या कानी पोहोचत नाहीत. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, "स्वच्छ आहे रे. पण बाई ओटीवरून माजघरात गेल्या."

मीटरला विचारले असते तर त्याने अण्णांना वेड्यातच काढले असते. परंतु त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. अशा एकट्या ट्रायोडची भेसळ मुख्यतः दुप्पट कंपनांची, म्हणजे त्याच स्वराच्या वरल्या सप्तकातली असते. ती बेसूर नव्हे; मूळ स्वराच्या पाठीशी उभी राहणारी साथ आहे. अर्धेअधिक उंच स्वर हरवून बसलेल्या कानाला तिचाच आधार वाटत असावा, आणि मी नेमका तोच काढून घेतला होता.

तार मी काढली नाही. तिच्या वाटेवर एक फिरती खुंटी बसविली. दुपारी मी ती उजवीकडे नेतो. तिन्हीसांजेला तबकडी लावण्यापूर्वी अण्णा चाचपडत ती डावीकडे आणतात. परवा ते लवकर निजले, आणि मी एकटाच ऐकत बसलो. खुंटी त्यांनी ठेवली होती तेथेच होती. मी ती हलविली नाही.