पहिल्या रात्रीचा प्रश्न

२०२४च्या नवरात्रात, घट बसलेले असताना, एका रविवारी रात्री माझ्या पोटात दुखायला लागलं. बरगड्यांच्या खाली मधोमध कळ उठली आणि थोड्याच वेळात ती थेट पाठीत निघाली. उताणं पडवेना. गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की जरा सुसह्य व्हायचं. उलट्या सुरू झाल्या, पण त्यानंही पोट हलकं होईना. सासूबाई म्हणाल्या, "उपासाचं पित्त असंल गं, कोकमाचं पाणी घे." शेजारच्या वहिनी ॲसिडिटीची गोळी घेऊन आल्या.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पोटातली जी कळ पाठीत जाते आणि वाकल्यावर कमी होते, ती बहुतेकदा स्वादुपिंडाची असते, एवढं मला माहीत होतं. "अहो, गाडी काढा," मी यांना म्हटलं. उर्से गावातून दिसणारे टोलनाक्याचे दिवे मागे टाकत आम्ही तळेगावचं रुग्णालय गाठलं.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. लायपेज नावाचं विकर रक्तात नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक झालं आणि दुखणंही याच धाटणीचं असलं, की स्वादुपिंडाच्या सुजेच्या निदानाला ते पुरतं. माझं लायपेज त्याहून बरंच वर होतं. सकाळी सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. त्यांतला एखादा घसरून खाली आला असणार. यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका लहान आतड्यात जवळजवळ एकाच तोंडाने उघडतात. तिथे खडा अडकला की स्वादुपिंडाची वाट बंद होते.

स्वादुपिंडातल्या पेशी रोज अन्न पचवणारी विकरं तयार करतात, पण झोपलेल्या अवस्थेत. त्यांतलं ट्रिप्सिनोजेन आतड्यात पोचतं, तेव्हा त्याचं ट्रिप्सिन होतं आणि पचन सुरू होतं. वाट बंद झाली की हेच ट्रिप्सिन पेशीच्या आतच जागं होतं आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. स्वतःला पचवण्याचा हा प्रकार हान्स कियारी या शास्त्रज्ञाने १८९६ साली ओळखला होता. जखमी पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज वाढते. बहुतेकांची सूज तिथेच आटोक्यात येते. काहींमध्ये मात्र ती सगळ्या शरीरात पसरते, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं थकतात आणि रुग्ण आयसीयूत जातो.

पहिल्या रात्रीच यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता. "किती गंभीर आहे?"

डॉक्टर प्रामाणिक होते. "दहातले आठ जण सौम्य असतात, काही दिवसांत घरी जातात. पण मॅडम त्या आठांत आहेत की उरलेल्या दोघांत, हे आज सांगता येणार नाही. परवापर्यंत बघू."

त्या रात्री दुखण्याइतकाच मला या उत्तराने त्रास दिला. लायपेज आजार आहे हे सांगतं, पण तो किती वाढेल हे सांगत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असं गणित इथे नाही. सीआरपी नावाचं प्रथिन सूज किती आहे ते दाखवतं, पण त्याचा आकडा विश्वासाने वाचायला साधारण ४८ तास जावे लागतात. लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर गेला, तर डॉक्टर सावध होतात. तोपर्यंत नाडी, श्वास, लघवीचं प्रमाण, रक्तातला युरिया यांवर लक्ष ठेवायचं. म्हणजे उपचारासाठी सर्वांत मोलाचे जे पहिले तास, त्यांतच डॉक्टरांच्या हातात सर्वांत कमी माहिती असते.

सोमवारी, ७ ऑक्टोबरला दुपारी सलाईन चालू असताना यांनी मोबाइलवर बातमी वाचून दाखवली. वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी मिळालं होतं. डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन, हे मी वर्गात दर वर्षी फळ्यावर काढते. या दोघांनी त्या साखळीतली लपलेली कडी दाखवली. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सिनोरॅब्डायटिस एलिगन्स या कृमीत १९९३ साली त्यांना कळलं, की लिन-४ हे जनुक प्रथिन बनवतच नाही. ते बनवतं फक्त सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा, म्हणजेच मायक्रोआरएनए. तो तुकडा दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो आणि त्यापासून प्रथिन तयार होऊ देत नाही. कित्येक वर्षं हे एका कृमीचं वैशिष्ट्य मानलं गेलं. २००० साली रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए माणसापर्यंतच्या प्राण्यांत दाखवला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष गेलं.

ज्या अवयवाने मला खाटेवर पाडलं होतं, त्याच्याशी या २२ अक्षरांचा संबंध काय, हे मी हळूहळू वाचत गेले. ते वाचल्यावर माझी भीती कमी झाली, म्हणून इथे सांगते.

काही मायक्रोआरएनए विशिष्ट अवयवात फार मोठ्या प्रमाणात असतात. मिर-२१६ए आणि मिर-२१७ हे स्वादुपिंडाचे. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतात. प्रथिनांच्या सोबतीने किंवा बारीक पिशव्यांत बंद होऊन फिरत असल्यामुळे ते रक्तात सहज नष्ट होत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत स्वादुपिंडाला सूज आणल्यावर रक्तातला मिर-२१६ए वाढलेला दिसला. इजा कुठे झाली, हे तो सांगू शकतो.

दुसरा गट सुजेच्या कारभारातच भाग घेतो. मिर-१५५ पांढऱ्या पेशींत वाढतो आणि सूज भडकत ठेवतो. मिर-१४६ए उलट काम करतो. सुजेचा आदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवणाऱ्या साखळीतली ट्राफ-६ आणि आयरॅक-१ ही प्रथिनं तो कमी करतो. गाडीला ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही असावेत, तसं हे आहे. मिर-२१चा संबंध दीर्घकाळच्या आजारात स्वादुपिंडात साठणाऱ्या तंतूंशी, म्हणजे अवयव कडक होत जाण्याशी जोडला जातो. कोणाची सूज आटोक्यात राहते आणि कोणाची पसरते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या तोलात असावा, अशी संशोधकांची धारणा आहे. पहिल्याच दिवशी रक्ताच्या काही थेंबांत हा तोल वाचता आला, तर "परवापर्यंत बघू" हे उत्तर बदलेल.

राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, "माझी ही तपासणी होईल का?" त्यांनी खुर्ची ओढून समजावलं. एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळत नाहीत. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या, तरी काही मायक्रोआरएनएंचं मोजमाप बिघडतं. मोजायला वेळ आणि यंत्रणा लागते. शिवाय मिर-२१ किंवा मिर-१५५ इतर अनेक आजारांतही वाढतात. म्हणून ही तपासणी रोजच्या उपचारात आलेली नाही, आणि मायक्रोआरएनएंवर बेतलेलं स्वादुपिंडाच्या सुजेचं औषधही नाही. "आज तुम्हाला बरं करणार ते सलाईन, वेदनाशामक आणि वेळेवर केलेलं ऑपरेशन," ते म्हणाले.

तसंच झालं. पूर्वी सलाईनचा मारा करायचे, आता मोजून देतात. २०२२च्या वॉटरफॉल चाचणीत आक्रमक सलाईनने फायदा न होता अंगात पाणी साठण्याचा त्रासच वाढलेला दिसला. पोटाला दीर्घकाळ उपाशी ठेवण्याची पद्धतही गेली. मळमळ थांबताच मला पातळ आहार सुरू केला. माझी सूज सौम्य निघाली. त्याच मुक्कामात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, कारण खडे ठेवून घरी गेलं की पुन्हा झटका येण्याची भीती राहते.

आता वर्गात मायक्रोआरएनए शिकवताना मी मुलांना हा सगळा अनुभव सांगते. एका कृमीतल्या निरुपयोगी वाटणाऱ्या जनुकाचा शोध तीस वर्षांनी रुग्णाच्या खाटेपाशी कसा येऊन उभा राहतो, हे त्यांना कळलं पाहिजे. मूलभूत संशोधनाला पैसा आणि धीर दोन्ही द्यावे लागतात.

आणि गावातल्या लोकांना सांगायचं आहे ते एवढंच. पोटात वरच्या बाजूला कळ येऊन ती पाठीत जात असेल, उलटीनंतरही थांबत नसेल, तर मेडिकलमधल्या गोळीवर रात्र काढू नका. सोनोग्राफीत पित्ताचे खडे सापडले असतील आणि पोट दुखत असेल, तर सर्जनला दाखवायचं पुढे ढकलू नका. दारू हे या आजाराचं दुसरं मोठं कारण आहे, आणि रक्तातली ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर जाणं हे तिसरं. दोन्ही वेळीच आवरता येतात. मायक्रोआरएनएची तपासणी यायला वेळ लागेल. रुग्णालय गाठायला मात्र आजही उशीर करू नका.