दुःखाचा मुक्काम

पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा शिकू लागणे हा लोकांच्या दृष्टीने एक निरुपद्रवी छंद असतो. 'डॉन क्विक्झोट' मुळातून वाचावे, एवढ्याच हौसेने मी स्पॅनिशचे व्याकरण विकत आणले होते. दादा गेले त्या वर्षी ते निराळ्याच कारणाने उपयोगी पडले.

समाचाराला आलेले माझे सहकारी 'सॉरी' म्हणून गेले. वर्गात उशिरा येणारे विद्यार्थीही मला हाच शब्द ऐकवतात! दोष त्यांचा नव्हता. तीस वर्षे तीच भाषा मी शिकवीत आलो आहे. पण वहिनींना पत्र लिहायला बसलो, तेव्हा माझ्याही लेखणीतून 'ईश्वरेच्छा बलीयसी' यापलीकडे अक्षर उतरेना. पत्र अर्धे टाकून मी सवयीने ते व्याकरण उघडले.

हळहळ सांगताना स्पॅनिश मनुष्य 'लो सिएन्तो' म्हणतो. म्हणजे 'मला ते जाणवते'. सांत्वनाला तो 'पेसामे' म्हणतो. त्याची फोड केली तर 'मला त्याचा भार होतो'. मन मोकळे करणे याला त्याचा शब्द 'देसाओगार्से'. 'आओगार' म्हणजे गुदमरवणे. 'देस' हा उपसर्ग तो फास सोडवतो.

'असणे' या अर्थाची त्या भाषेत दोन क्रियापदे आहेत. मनुष्य उंच आहे, शिक्षक आहे, तेथे 'सेर'. घरी आहे, आजारी आहे, तेथे 'एस्तार'. 'मी दुःखी आहे' हेही सामान्यतः 'एस्तार'नेच सांगतात. दुःख हा माणसाचा स्वभाव नव्हे, मुक्काम आहे! मला क्षणभर हायसे वाटले. पण खालीच दुसरे उदाहरण होते : 'एस्ता मुएर्तो', तो मृत आहे. तेथेही 'एस्तार'च! घडलेल्या बदलातून आलेली स्थिती दाखवायची म्हणून हे क्रियापद, असा त्याचा खुलासा. व्याकरणाचे समाधान झाले. माझे झाले नाही.

मी पुस्तक मिटले, अर्धे पत्र फाडले आणि नव्या कागदावर एकच ओळ लिहिली : 'वहिनी, मला हे पेलत नाही.'

चौथ्या दिवशी उत्तर आले : 'भावोजी, मलाही नाही. चार दिवस इकडे या.'