नेम, अण्णा आणि तीन-नऊ बाय बत्तीस

खरं सांगू? मला बंदुकीतलं काही म्हणजे काहीही कळत नव्हतं. हिंजवडीत बसून सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या मुलीचा नेमबाजीशी संबंध तो किती! कॅन्टीनमध्ये टिश्यूचा बोळा लांबून डस्टबिनमध्ये टाकायचा आणि तो बाहेर पडला, की आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करायचा. बस्स, एवढाच.

पण १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि दुपारी चक्क अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. वाईजवळच्या आमच्या घरून फोन नेहमी आईचा येतो. अण्णांचं बोलणं मागून ऐकू येणाऱ्या एका वाक्यापुरतं असतं, "गाडी हळू चालव म्हणावं तिला." त्या दिवशी मात्र स्वतः बोलत होते. "कांबळवाडीचा पोरगा गं! राधानगरी तालुक्यातला!" आणि मग पुढची वीस मिनिटं एनसीसी. शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांनी बरीच वर्षं एनसीसीही सांभाळली होती. पॉइंट टू टू रायफल, वाळूची पोती, पालथं पडून मारलेले पाच राऊंड... मी मीटिंग सोडून ऐकत राहिले.

दिवाळीचा बोनस आला तेव्हा मी एअर रायफल घेतली. त्यांच्यासाठी, आणि थोडी माझ्यासाठीही. आपल्याकडे ०.१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअरगन घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. दुकानदाराने ओळखपत्राची झेरॉक्स तेवढी ठेवून घेतली. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, एक छर्रा घालायचा, नळी बंद करायची, मारायचं. साधा मामला.

अण्णांनी आधी नियम सांगितले. नळी कधीही माणसाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी. डोळ्यांवर चष्मा हवाच. निशाणामागे भिंत नको, छर्रा उलटून येतो, म्हणून वाळूने भरलेलं लाकडी खोकं. छर्रे शिशाचे, तेव्हा खेळ झाला की साबणाने हात धुवायचे. आणि पाखरांकडे बघायचंसुद्धा नाही. पाखरं मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे नंतर. "मला चालायचं नाही," हे आधी.

तुळशी वृंदावनापासून गोठ्याच्या कडेपर्यंत टेपने मोजून १० मीटर घेतले. अण्णांनी पाच छर्रे मारले. एक कागदाला लागला, चार वाळूत. त्यांनी बंदूक माझ्या हातात दिली, "तूच मार," म्हणाले आणि आत निघून गेले.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दिसत नाही गं त्यांना. बोलत नाहीत." रात्रीची स्कूटर बंद झाली होती. पेपरमधलं शब्दकोडंही बंद झालं होतं. प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलेलं. आता त्या यादीत माझ्या दिवाळीच्या भेटीचीही भर पडत होती.

मला वाटलं, दिसत नाही ना? मग दुर्बीण लावू! आपण सगळे मोबाइल घेताना जे करतो तेच मी केलं. सगळ्यात मोठे आकडे शोधले. ६-२४×५०. म्हणजे ६ पटींपासून २४ पटींपर्यंत मोठं दिसणार आणि पुढची काच ५० मिलिमीटरची. लाल-हिरवा दिवा, वर झाकणं, किंमत खिशाला परवडणारी. फोटोत तर एकदम कमांडोची वाटत होती. ऑनलाइन मागवली, पुढच्या शनिवारी बसवली.

काय दिसलं सांगू? धुकं. त्या धुक्यात नाचणारा एक काळा गोळा. २४ पटींवर माझे हृदयाचे ठोकेसुद्धा दिसायला लागले. डोळा जरा हलला, की कडेने काळी कोर यायची. अण्णांनी एकदा डोळा लावला, "छान आहे हं," म्हणाले आणि परत आत. ते 'छान आहे हं' मला ओळखीचं आहे. माझ्या पहिल्या पोळीलाही ते हेच म्हणाले होते.

त्यातून पन्नासेक छर्ऱ्यांनंतर नेमच भरकटायला लागला. आत्ता डावीकडे, मग वर, मग कुठेच नाही. दुर्बीण हलवली तर आतून खुळखुळा. विक्रेत्याने रिटर्नची मुदत संपल्याचं अतिशय नम्रपणे कळवलं.

मग मैत्रिणीच्या ओळखीने पुण्यात नेमबाजी शिकवणाऱ्या एका ताईंना गाठलं. त्या आधी मनसोक्त हसल्या. "अगं, १० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो बारीक भोकाच्या साइटमधून बघून मारायचा." २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने शेवटचा १०.८ मारला, तोही तसाच. मी ओशाळले. अण्णांबद्दल सांगितलं, तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं आणि त्यांनी वहीचं पान ओढलं.

"वय वाढलं की डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता जाते. साध्या साइटला मागची खाच, पुढचं टोक आणि निशाण, अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी जुळवायच्या असतात. त्यांना एका वेळी एकच स्पष्ट दिसते. दुर्बिणीत क्रॉसची रेघ आणि निशाण एकाच पातळीवर येतात. म्हणजे तुझी कल्पना बरोबर होती, वस्तू चुकली."

पुढचा अर्धा तास त्या शिकवत होत्या आणि मी शाळेतल्यासारखी लिहून घेत होते. बजेटमधली दुर्बीण घेणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडेल, म्हणून ते फंडे इथे देते.

पहिला फंडा धक्क्याचा. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते. टोकाला जाऊन तो थबकतो तेव्हा बंदूक पुढे हिसकते. दोन उलटसुलट धक्के! साधी दुर्बीण मागे येणाऱ्या धक्क्यासाठी बनवलेली असते, पुढच्या हिसक्याने तिची आतली भिंगं सैल होतात. म्हणून मोठ्या बंदुकीवर टिकणारी दुर्बीण या छोट्या बंदुकीवर दम तोडू शकते. विकत घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा, "स्प्रिंगच्या एअरगनवर चालेल असं कंपनीने लिहून दिलंय का?"

दुसरा फंडा अंतराचा. शेजारच्या सीटवरून गाडीचा स्पीडोमीटर वाचला, की काटा भलताच आकडा दाखवतो ना? दुर्बिणीतही तसंच होतं. माझी पहिली दुर्बीण १०० यार्डांसाठी कारखान्यातच पक्की केलेली होती. १० मीटरवर निशाण धूसर तर दिसतंच, शिवाय डोळा मधोमध नसला, की क्रॉस निशाणावरून सरकतो. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. उपाय म्हणजे पुढची काच फिरवून अंतर जुळवता येणारी दुर्बीण. खोक्यावर 'एओ' लिहिलेलं असतं, पण सगळ्यात जवळचं अंतर किती तेही बघायचं. १० यार्ड, म्हणजे सव्वानऊ मीटरच्या आत हवं. आमचं अंगण त्यात जेमतेम बसतं!

तिसरा पटींचा. पुढच्या काचेच्या मिलिमीटरना पटींनी भागायचं, डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची रुंदी मिळते. ५० भागिले २४, जेमतेम २ मिलिमीटर. ३२ भागिले ४, चांगले ८. गोल मोठा, तितका डोळा ठेवायला सोपा. अंगणात ४ पटी पुष्कळ झाल्या.

चौथा फंडा पट्ट्यांचा, आणि आपण पैसे वाचवतो ते नेमके तिथेच. बहुतेक एअर रायफलींवर ११ मिलिमीटरची खाच असते, रुंद पट्ट्या तिच्यावर बसत नाहीत. शिवाय धक्क्याने अख्खी दुर्बीण मागे घसरते. म्हणून एकसंध माउंट घ्यायचं, खाली अडवणारी पिन असलेलं. दुर्बिणीवर थोडे कमी खर्च करा, पण माउंट धड घ्या.

शेवटी ३-९×३२ एओ घेतली. माउंट धरूनही ती आधीच्यापेक्षा सहाशे रुपयांनी स्वस्त पडली! कमांडोची वगैरे अजिबात वाटत नाही. जुन्या टॉर्चसारखी दिसते.

रविवारी सकाळी मी ती बसवत होते. अण्णा ओट्यावर चहा पीत होते, बघत नसल्यासारखे. मी पाच छर्रे मारले. पाचही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे, पण मध्यापासून दोन सेंटिमीटर खाली. मी बटण दोन क्लिक फिरवलं, पुन्हा मारलं. जवळपास तिथेच. "हीसुद्धा बिघडली!" मी ओरडले.

"एका क्लिकला किती सरकतं?" ओट्यावरून प्रश्न.

"१०० यार्डांवर पाव इंच. लिहिलंय इथे."

"मग त्रैराशिक मांड की." चहाचा कप खाली ठेवला गेला. "पाव इंच म्हणजे साधारण साडेसहा मिलिमीटर. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. तर १० मीटरला?"

मी मोबाइल काढेपर्यंत उत्तर आलं होतं. "पाऊण मिलिमीटरही नाही. दोन सेंटिमीटरला २८ क्लिक. दोन फिरवून रडतेस काय?"

२८ क्लिक त्यांनीच मोजून फिरवले. मग खुर्ची ओढून बसले, कोपर टेबलावर टेकले. लांबचा चष्मा तसाच ठेवून डोळ्याजवळची रिंग हळूहळू फिरवत राहिले. ती रिंग ज्याच्या त्याच्या नजरेसाठी असते, क्रॉसची रेघ काळीभोर दिसली की थांबायचं. एका जागी ते थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदावरची सुरकुती दिसतेय गं."

पहिले छर्रे इकडेतिकडे गेले, कारण ते एनसीसीच्या सवयीने बंदूक खांद्यात आवळून धरत होते. ताईंनी सांगितलेलं मी सांगितलं, "अण्णा, स्प्रिंगची आहे, सैल धरा. तिला हवी तशी उडू द्या." माझ्याकडून शिकून घेणं त्यांना जड गेलं, पण धरली सैल. त्यानंतरच्या पाचातले चार काळ्यात.

माझी पाळी आली तर क्रॉस मला अंधूक. त्यांची नजर वेगळी, माझी वेगळी! प्रत्येक वेळी शोधत बसायला नको, म्हणून मी रिंगवर दोन ठिपके दिले. माझा नेलपॉलिशचा लाल, त्यांचा करेक्शन पेनचा पांढरा. संध्याकाळी पुण्याला निघण्याआधी शेवटचा छर्रा मी मारला, बंदूक पुसून कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली अण्णांकडे दिली.

त्यानंतर तीन आठवडे रिलीज होता, वीकेंडसकट. फोनवर आईच. अण्णांचं मागून तेच, गाडी हळू चालव. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

चौथ्या शनिवारी गेले, कपाट उघडलं. छर्ऱ्यांचा नवा डबा निम्म्यावर आला होता. रिंग मी ठेवली होती लाल ठिपक्यावर. ती पांढऱ्यावर होती.