नदीला भरती

हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं सगळ्यात मोठं बंदर, आणि समुद्र तिथून शंभर किलोमीटर लांब. हे मुलांच्या गळी उतरवता उतरवता आम्ही दोघंही थकलो. थोरल्याने नकाशावर बोट ठेवून विचारलं, "मग जहाजं येतात कुठून?" एल्ब नदीतून. आणि तीही लहानसहान नव्हेत. चारशे मीटर लांबीची कंटेनरवाहू जहाजं ट्रॅमसारख्या संथपणे घरांसमोरून आत येतात. बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने मान वर करूनही पाहू नये, इतकं हे रोजचं.

लांडुंग्सब्रुकेन म्हणजे बोटी लागतात तो मुख्य धक्का. तो जमिनीला घट्ट नाही, पाण्यावर तरंगतो. काठावरून त्यावर उतरायला छोटे पूल आहेत. सकाळी उतरलो तेव्हा पूल इतका तिरका होता की धाकटी चालेचना, तिची पावलं आपोआप पळायलाच लागली. दुपारी परत आलो तर तोच पूल जवळपास सपाट. "कुणी बदलला?" तिने विचारलं. कुणी नाही, पाणी चढलं. इथे भरती-ओहोटीत साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो, आणि भरतीच्या वेळी नदी चक्क उलटी, शहराकडे वाहते. त्यानंतर रोज पूल किती कललाय हे बघितल्याशिवाय मुलं पुढे सरकेनात. घड्याळ वाचता न येणाऱ्या धाकटीला ओहोटी ओळखता यायला लागली.

परदेशातल्या पहिल्या दिवसांची बाकी कहाणी सगळ्यांची सारखीच असते. पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून पुढचं काही नाही, आणि घरमालकाला मात्र आधी सगळे कागद हवेत. त्यात रविवारी दुकानं बंद. भाड्याच्या एका खोलीत दोन मुलांना किती वेळ कोंडणार? मग आम्ही ६२ नंबरची फेरीबोट धरायचो. बसचं तिकीट तेच तिलाही चालतं. पर्यटकांसाठी भोंगे लावून ओरडणाऱ्या महागड्या सफरी शेजारीच उभ्या असतात. त्यांच्याकडे खुशाल पाठ फिरवावी. वरच्या डेकवर वारा कानात शिरतो, मुलांच्या टोप्या हातात धरून बसावं लागतं, पण समोर सगळं बंदर कामाला लागलेलं दिसतं.

पलीकडच्या काठाला तरंगत्या गोद्या आहेत. एक अख्खं जहाज पाण्याबाहेर उचलून ठेवलेलं होतं, तळाचा लाल रंग उघडा, पंखा माणसापेक्षा कितीतरी मोठा. उचललं कुणी, हा थोरल्याचा प्रश्न. क्रेनने नाही. गोदी स्वतःच्या टाक्यांत पाणी भरून घेऊन खाली जाते, जहाज आत आलं की ते पाणी उपसून टाकते आणि त्याला पोटाशी धरून वर येते. त्या रात्री बाथरूममधल्या टबात साबणाची डबी आणि प्लास्टिकची बोट घेऊन हा प्रयोग झाला. फरशी आम्ही पुसली.

ओव्हेलग्योनेला उतरलं की नदीकाठी खरीखुरी पुळण आहे. वाळूत २१७ टनांचा एक दगड आहे, 'म्हातारा स्वीडिश' नावाचा. हिमयुगातल्या बर्फाने स्वीडनमधून ढकलत आणलेला आणि १९९९ साली नदीचं पात्र खोल करताना सापडलेला. मुलं त्याच्यापेक्षा त्याच्या पुढ्यातल्या पाण्यात रमली. मोठं जहाज गेलं की आधी पाणी मागे ओढलं जातं, ओले शंख-दगड उघडे पडतात, आणि ते वेचायला मुलं धावणार एवढ्यात लाट येते. तशा सूचनेच्या पाट्याच लावल्या आहेत काठावर. आमच्या दोघांचे बूट भिजले, वाळूचा किल्ला गेला. शेजारच्या आजोबांनी न बोलता आपली पिशवी आधीच वर उचलून घेतली होती.

नदीखालचा जुना बोगदा १९११ सालचा. गोदीत कामाला जाणाऱ्यांना दाट धुक्यात, बर्फात नदी ओलांडता यावी म्हणून खणलेला. दाबाखालच्या हवेत खणताना कामगार आजारी पडले, काही दगावले. लिफ्टने चोवीस मीटर खाली उतरायचं आणि सव्वाचारशे मीटर चालायचं. भिंतींवर चिनीमातीत मासे, खेकडे, उंदीर आणि एक फाटका बूट काढलाय. नदीच्या तळाशी काय काय पडलेलं असतं त्याची ही यादी मुलांना बेहद्द आवडली. त्यामानाने एल्बफिलहार्मोनी या संगीतसभागृहाच्या काचेच्या महालाला त्यांनी फक्त लांबलचक सरकत्या जिन्यापुरते गुण दिले. मला विचाराल तर गुण बरोबर होते.

लाल विटांच्या गोदामांची वस्ती, श्पायशरश्टाट, मला मात्र अडकवून ठेवायची. कॉफी, मसाले, गालिचे साठवायला १८८३ पासून ती उभी राहिली आणि त्यासाठी आधी तिथे राहणाऱ्या सुमारे २० हजार लोकांना उठवलं होतं. आता तो जागतिक वारसा आहे. घर शोधत फिरणाऱ्या माणसाला अशा गोष्टी जास्त लागतात.

धक्क्याजवळ दगडी पायऱ्यांचा ऐसपैस रस्ता आहे, वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या कार्यालयाने आखलेला. मुलं त्यावर उड्या मारत होती. तो रस्ता म्हणजे खरं तर पुराची भिंत, समुद्रसपाटीपासून साडेआठ मीटरहून उंच. फेब्रुवारी १९६२ मध्ये वादळाने समुद्राचं पाणी रात्रीतून नदीत लोटलं, बांध फुटले, एकट्या हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसं गेली. युद्धात घरं गमावलेले कितीतरी जण तेव्हाही बागांतल्या लाकडी खोल्यांत राहत होते. हे वाचताना नवरा गप्प झाला. तो चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला भरतीची वेळ गाठून वाशिष्ठी नदी घरात आली, तेव्हा सासूबाई माळ्यावर बसून होत्या. खालच्या खोलीच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण आहे आणि तिच्या बरीच वर २०२१ ची. मुलांची उंची मोजायच्या रेघा त्यांच्या खालीच राहिल्या आहेत.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलांनी एकदमच सुरुवात केली. बोगदा, उंदीर, उचललेलं जहाज. "आजी, इथे समुद्र नाहीच, पण नदीला भरती येते!"

"येऊ दे की. गोवळकोटच्या धक्क्याला नाही येत?" सासूबाई म्हणाल्या. "पाणी कुठवर चढतं ते सांग."

थोरल्याने भिंतीचं सांगितलं, नव्या इमारतींच्या तळमजल्यावरच्या जाड पोलादी दारांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरं. आईला म्हणावं, घर दुसऱ्या मजल्यावरचं बघा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल."