चाल तोंडपाठ, नाव?

लोणावळ्यात पावसाळ्यात पावसाखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही. पत्र्यावर तो कोसळायला लागला की बायको चहाचं विचारते आहे की पगाराचं, हे ओठांवरून ताडावं लागतं. पण १९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली आणि देवकी पंडितांच्या आवाजातलं तिचं शीर्षकगीत त्या पावसालाही न जुमानता आमच्या आळीत घरोघर पोचू लागलं.

परवा चिक्कीच्या दुकानात कुणाच्या तरी मोबाइलवर ‘वादळवाट’ची चाल वाजली. पिशव्या सांभाळत उभे असलेले पुणेकरसुद्धा, भावाची घासाघीस सोडून, गुणगुणू लागले. मी विचारलं, ‘‘संगीत कुणाचं हो?’’ दुकानदार म्हणाला, ‘‘झी मराठीचं!’’

दोन्ही चाली अशोक पाटकींच्या. जन्म १९४१ चा. जितेंद्र अभिषेकींच्या हाताखाली उमेदवारी केली, पुढे नाटकं, चित्रपट, जाहिरातींची जिंगल्स. जाहिरातीत काही सेकंदांत गिऱ्हाईक पटवायचं असतं. आमच्या बँकेत तेवढ्या वेळात पेनाचं टोपणही निघत नाही. ही तालीम मालिकांत कामी आली. मिनिट-दीड मिनिटात मालिकेचा सगळा स्वभाव सांगायचा, आणि तोही पडद्याकडे पाठ करून पोळ्या लाटणाऱ्या बाईला!

१५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लागलं. रचना पाटकींची, वाद्यमेळ लुई बँक्स यांचा. भैरवीतले ते सूर देशानं पाठ केले. पाठ केलं नाही ते फक्त नाव. पुढे ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी पाटकींना २००६ चं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आमच्याकडे माणूस साठीला निवृत्त होतो. यांना पासष्टीनंतर बढती!

मी बी. कॉम., त्यामुळे हे दुःख मला हिशेबातून कळतं. ताळेबंद जुळला तर कुणी जुळवला, हे कुणी विचारत नाही. चार आण्यांचा फरक निघाला की मात्र नाव तत्काळ सापडतं.

आणि पाटकींच्या बाबतीत तरी दोष कुणाला द्यायचा? चाल ऐकून आई गॅस बंद करायची, पदराला हात पुसत धावत यायची. ती टीव्हीसमोर पोचेपर्यंत संगीतकाराचं नाव येऊन गेलेलं असायचं. तिला बोलावून आणणारा तोच होता, हे तिला कधी वाचायलाच मिळालं नाही.