वारा कुठे अडला?

मोटारगाडीतला एसी म्हणजे श्रीमंतांची चैन, असा समज आपल्या घराघरांतून अजून आहे. हप्त्याने किंवा जुन्या बाजारातून गाडी दाराशी आली, तरी "एसी लावू नका, पेट्रोल जाते" हे वडीलधारे बजावतातच. पेट्रोल जाते हे खरे. पण ज्या घरात दम्याचे माणूस आहे, त्या घराने या चैनीचा हिशेब जरा वेगळा मांडावा, असे आम्हांला वाटू लागले आहे.

आमच्या आईचे वय ७८. महिन्यातून एकदा तिला साताऱ्याहून मिरजेला डॉक्टरांकडे न्यावे लागते. उंब्रज, कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा, सांगली असा हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. कऱ्हाडच्या पुढे दोन्ही अंगांना ऊस. कारखाने सुरू असले की तोड झालेल्या फडात पाचट पेटवतात. पाचट जाळू नका, रानातच कुजवा, जमिनीचा कस वाढतो, असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. किती जणांनी ऐकले, ते संध्याकाळच्या वेळी पेठ नाक्याच्या पुढे गेले की दिसतेच. काजळीची काळी पिसे रस्त्यावर तरंगत असतात. काच खाली घेतली तर आईचा दमा उसळतो आणि वर घेतली तर आत कोंडमारा. अशा वेळी बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा खेळवणारा ब्लोअर हाच तिचा आधार.

गेल्या फेब्रुवारीत ऐन वाटेत तो ब्लोअर रुसला. एक, दोन, तीन या आकड्यांवर निपचित. फक्त चारवर घोंगावे, आणि तेही पूर्वीच्या निम्म्या वाऱ्याने. आई पदर तोंडाला लावून बसली. रस्त्यालगतच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथे कशालाही हात न लावता निदान झाले, "मोटार गेली. नवी टाका, गॅसही भरून घ्या. सगळे मिळून ७,५०० रुपये." आमच्या पत्नीने पर्स मिटली आणि आम्ही हळूहळू सांगली गाठली.

सांगलीला विश्रामबागेत आमचे मेहुणे राहतात. मिरजेच्या फेरीत मुक्काम त्यांच्याकडेच असतो. त्यांची मुलगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. आमची कहाणी ऐकून ती म्हणाली, "मामा, चारवर फिरतोय ना? मग मोटार गेली कशी? गेलेली मोटार चारवर तरी कशाला फिरेल?"

एवढा साधा प्रश्न त्या वर्कशॉपमध्ये कुणालाच पडला नव्हता!

वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. थंडावा वेगळा आणि वारा वेगळा. गॅस, कॉम्प्रेसर, कूलिंग कॉइल ही मंडळी थंडावा तयार करतात. ब्लोअर हा साधा पंखा आहे. त्या थंड कॉइलवरून हवा ढकलून आपल्यापर्यंत पोचवणे एवढेच त्याचे काम. वारा येतो पण गार नाही, तर गॅसकडे बघावे. वाराच येत नाही, तर गॅस भरणे म्हणजे पाय मोडलेल्याला खोकल्याचे औषध. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ साली गाडीत पहिल्यांदा एसी बसवून द्यायला सुरुवात केली. तो बंद करायचा तर इंजिनचा पट्टा काढावा लागे. तिथून आजच्या बटणापर्यंत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पंखा तो पंखाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काम सुरू झाले. भाचीने आधी फ्यूज पाहिला. चारवर पंखा फिरतो म्हणजे फ्यूज शाबूत असणारच, तरी तिने काढून बघितला. शिस्त ती शिस्त. मग ग्लोव्ह बॉक्स उतरवला. "किल्ली फिरवा, पण इंजिन चालू करू नका," म्हणाली. मोटारीच्या कपलरला मीटर लावला. चारवर १२ व्होल्ट. तीन, दोन, एकवर शून्य. म्हणजे मोटार चांगली. तिच्यापर्यंत वीज पोचण्याची वाट तुटलेली.

ती वाट म्हणजे रेझिस्टर. चार आकड्यावर बॅटरीची वीज थेट मोटारीला मिळते. खालच्या आकड्यांवर ती रेझिस्टरच्या तारेतून जाते आणि वाटेत अडवणूक झाल्याने मोटार सावकाश फिरते. या अडवणुकीचा नियम गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. त्याचा बाप कुलपे बनवणारा कारागीर. स्वतःच्या बळावर शिकला आणि पोरांना घरीच गणित शिकवले. हे भाचीने सांगितले तेव्हा आमचे मेहुणे, जे स्वतः वेल्डिंगचे काम करतात, चहाचा कप खाली ठेवून ऐकत राहिले.

दोन स्क्रू काढून रेझिस्टर हातात घेतला. मीटरने त्यातून कुठलीच वाट दाखवली नाही. आतला उष्णतेने तुटणारा छोटा फ्यूज उडालेला होता. नवा रेझिस्टर सांगलीतल्याच दुकानात ४८० रुपयांना मिळाला. आम्ही तो बसवायला निघालो, तर भाचीने हात धरला. "जळाला हे कळलं. पण का जळाला?"

खरी मेख इथेच होती. रेझिस्टर तापतो, म्हणून तो ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेला असतो. वारा कमी झाला की त्याला गार करणारे कोणी उरत नाही. आणि चारवरही वारा निम्माच येत होता! मोटारीचे स्क्रू काढून पंखा खाली घेतला. पिंजऱ्यासारख्या त्या चाकात गुलमोहराची बारीक पाने गच्च बसलेली, वर काजळीचा थर. साताऱ्याला आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. वायपरखालच्या जाळीतून ती पाने आत उतरली होती. पुष्कळ जुन्या छोट्या गाड्यांत वाटेवर कॅबिन फिल्टरच नसतो. पानांनी पंखा अडखळला की मोटार जास्त करंट ओढते, तिकडे वारा घटतो, आणि मधल्या मध्ये रेझिस्टर भाजतो. नुसता नवा टाकला असता तर तोही गेला असता. नवी मोटार घातली असती, तरी एक-दोन-तीन बंदच राहिले असते.

पाने चिमट्याने, काजळी जुन्या टूथब्रशने आणि कोरड्या फडक्याने काढली. तास गेला. आई ओट्यावर बसून सगळे पाहत होती. दोन आकड्यावर वारा सुटला तेव्हा म्हणाली, "बाय माझी, डॉक्टरापेक्षा तूच बरी गं. तू आधी का ते विचारलंस."

करून बघणाऱ्यांना चार सूचना द्याव्याशा वाटतात. किल्ली बंद करूनच कपलर काढावा. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डात एअरबॅग असेल, तर तिच्या वायरींना हात लावू नये. जळालेल्या रेझिस्टरला तार जोडून किंवा मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालून जुगाड मुळीच करू नये. गाडी पेट घेऊ शकते. गॅसच्या नळ्या घरी उघडणे तर आपले कामच नव्हे. काही गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो, तिथे निदानाची रीत बदलते. आणि ब्लोअर उन्हाळ्यापुरता असतो असे समजू नये. पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा तीच साफ करायला याच वाऱ्याची गरज लागते. खंबाटकीच्या घाटात पावसात ज्यांनी गाडी हाकली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

वायपरखाली आम्ही आता डासांच्या जाळीपेक्षा जरा मोठ्या भोकांची जाळी बसवली आहे. फार बारीक घेतली तर हवाच कोंडते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्यावरची पाने काढतो. जळका रेझिस्टर भाचीने मागून घेतला. वर्गात दाखवायचा आहे म्हणाली.