अडतीस हजारांत एक नेसरीकर

मनिलात डॉक्टरकी शिकायला आल्यावर पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या बास्केटबॉलच्या रिंगा. गल्लीच्या तोंडाला, चर्चच्या मागे, कुठे थेट नारळाच्या झाडाला फळी ठोकलेली आणि खाली रबरी चपला घालून उड्या मारणारी पोरं. माणसं आपल्यासारखीच बेताच्या उंचीची; वेड मात्र उंचांच्या खेळाचं. अमेरिकी अमदानीत आलेला हा खेळ त्यांनी इतका आपलासा केला, की १९५४च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवलं.

२५ ऑगस्ट २०२३ला विश्वचषक इथे सुरू झाला, तेव्हा मनिला महानगर आणि बुलाकान प्रांतात सरकारी कचेऱ्या नि शाळा बंद ठेवल्या होत्या. मी आणि चंदगडचा एक वर्गमित्र दुपारीच बसने निघालो. शहर मागे पडलं तशी भातशेती दिसू लागली आणि दोघंही गप्प झालो. ऑगस्टात आमच्या नेसरीकडेही अशीच हिरवाई असते. बसमध्ये मात्र निळ्या जर्सीतल्या आज्ज्या, लेकुरवाळ्या बाया, सगळ्यांचा एकच गलका.

बोकाउएचं फिलिपीन अरेना एका चर्चच्या मालकीचं आहे, आणि छताखाली ५५ हजार माणसं मावतात. रात्री आठला यजमान संघ ‘गिलास’ डॉमिनिकन रिपब्लिकसमोर उतरला आणि आवाज छातीत घुमू लागला. ‘‘लेका, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा लागल्यागत हाय की!’’ मित्र कानात ओरडला. कोल्हापूरच्या या फुटबॉल संघांवरून मला आठवलं ते गडहिंग्लजचं एम. आर. हायस्कूलचं मैदान, दिवाळीतला फुटबॉल. भारत फुटबॉलच्या विश्वचषकात कधीच खेळलेला नाही, तरी आमच्याकडे त्या खेळापायी भांडणं होतात, लग्नाच्या तारखा हलतात.

पडद्यावर आकडा झळकला : ३८,११५ प्रेक्षक. बास्केटबॉल विश्वचषकातला आजवरचा उच्चांक, १९९४च्या टोरांटोतल्या अंतिम सामन्यालाही मागे टाकणारा. लोक स्वतःसाठीच टाळ्या वाजवत होते, आणि ते मला फार योग्य वाटलं.

जॉर्डन क्लार्कसनने २८ गुण केले. त्याची आजी इथल्या पाम्पांगा प्रांतातली, म्हणून तो घरचाच. समोर सात फुटी कार्ल-अँथनी टाउन्स. तो आईच्या देशाकडून खेळत होता. ती माउली २०२०मध्ये कोविडने गेली. शेवटची साडेतीन मिनिटं उरली असताना क्लार्कसनचा पाचवा फाउल झाला आणि तो बाहेर गेला. माझ्या शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. पुढच्याच क्षणी त्या उभ्या राहून पुन्हा ओरडू लागल्या, ‘‘पुसो! पुसो!’’ काळीज लावून खेळा, म्हणून.

८७-८१. गिलास हरलं. टाउन्सचे २६ गुण.

परतीच्या बसची रांग लांबच लांब होती. तिथे पंचांना शिव्या होत्या, प्रशिक्षकाचा उद्धार होता, भाजलेलं कणीस होतं. काकूंनी अर्धं कणीस माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, रविवारी अरानेटाला अंगोलाविरुद्ध सामना आहे, तिकीट काढलंस का?